तात्पुरता नियम

सोन्याच्या तिजोरीमागे, जिथं पूर्वी
जुन्या खतावण्या आणि दसऱ्याच्या सुकल्या माळा टाकत,
तिथं आता आमचा सर्व्हर आहे.
एसी एकच. मॅनेजरसाहेबांच्या केबिनचा उतरवून इथं लावला,
त्याचा राग त्यांनी अजून सोडलेला नाही.

खानापूर. रात्रीचे दोन चाळीस.
मी फायरवॉलच्या नोंदी वाचतेय.
कुणीतरी, कुठूनतरी, दर चार सेकंदांनी
डेटाबेसचं दार वाजवतंय.
ॲडमिन म्हणून. रूट म्हणून. टेस्ट म्हणून.
उधारी थकलेला माणूस त्याच दुकानात
रोज वेगळं पोरगं धाडतो, तसं.

पण हे दार बाहेरून दिसलंच कसं?
वेब सर्व्हर ओसरीवर असतो, आल्यागेल्याशी त्यानं बोलावं.
डेटाबेस आतल्या खोलीत. त्याला परक्यानं हाक मारू नये.
नव्या पोरांना हे मीच शिकवते,
खडूनं चौकोन काढून, मधे जाड रेघ मारून.

नियम वरून खाली वाचत गेले.
एकतिसावा:
कुठूनही, डेटाबेसकडे, जाऊ द्या.
पुढं शेरा: तात्पुरता. मो. सु.
तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

मोनप्पा सुतार फोंड्याला इन्व्हर्टर विकतो आता.
पावणेतीनला त्याला काय विचारणार?

बंद केला.
आणि नकारही ठेवला नाही, गप्पच बसवलं.
‘नाही’ म्हटलं तरी घरात माणूस आहे हे कळतं.
दार वाजत राहिलं, आतून ‘कोण?’ आलं नाही.
चांगली झोप लागली मला त्या रात्री.

सकाळी सव्वादहाला भरमाणी कुगजी,
आमचा पिग्मी एजंट, गळ्यात मशीन,
काउंटरवर न थांबता थेट तिजोरीमागे.
‘काय करून ठेवलाय ओ म्याडम?
रताळीवाल्या कल्लव्वाचे धा रुपये हातात घेऊन
अर्धा तास हुबारलोय मी बाजारात.
नुसतं फिरूलालंय हे, फिरूलालंय.
नाही तर नाही म्हणायचं की!
ती माझ्याकडं कशी बघूलालती, ठाऊक हाय?’

मशीन थेट आतल्या खोलीतच लिहायचं. नऊ वर्षं.
सिमचा पत्ता रोज बदलतो,
म्हणून मोनप्पानं सगळ्या जगाला दार उघडं ठेवलेलं,
अकरा एजंटांसाठी.

त्या दिवशी भरमाणीनं वहीत लिहून आणलं,
संध्याकाळी मी हातानं भरलं.
तेव्हा पहिल्यांदा ते जुनं टेबल उघडून पाहिलं.
कुणी कन्नडमध्ये टाकलेली कल्लव्वा: सात प्रश्नचिन्हं.
मराठीत टाकलेला भरमाणी: सहा.
त्या टेबलाला कुठलीच लिपी येत नाही.
एवढा समान न्याय
आमच्या तालुक्यात दुसरीकडं कुठं पाहिला नाही मी.
पैसे मात्र बरोबर होते. दहा, दहा, वीस, दहा.
आणि पोळ्यादिवशी शून्य.

आता नीट करायचं म्हणजे
मशीननं ओसरीशीच बोलायचं, चारशे त्रेचाळीसवर,
आणि ओसरीनंच तेवढं आत जायचं, एकटीनं, एकाच दारानं.
कागदावर चार ओळी.
पण मशीनमधला प्रोग्रॅम बदलायला माणूस हुबळीहून येणार,
आणि तो म्हणतो, बघू.

तोवर एकतिसावा नियम पुन्हा लिहिला.
सगळ्या जगाला नाही, एकाच मोबाईल कंपनीला.
नऊ ते एक.
बाकीच्यांना आता स्पष्ट नकार, मौन नाही.
ते भरमाणीसाठी.

शेऱ्याच्या चौकटीत कर्सर बराच वेळ लुकलुकला.
मग लिहिलं:
तात्पुरता. शुक्रवारी काढणे.
खाली माझी आद्याक्षरं.

आज सोमवार.
बाहेर काउंटरवर पावती फाडल्याचा आवाज येतोय.